पूर आला तरी संस्थेचं काम चालू राहावं म्हणून : एका पानाचा आराखडा

गावभाग | ११ मे, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून आत्ताच लिहिते. जूनमध्ये लिहून उपयोग नाही.

आम्हा सांगलीकरांचं जुलै-ऑगस्टातलं बोलणं "आयर्विनला किती?" इथूनच सुरू होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. मी तेव्हा एका पतसंस्थेच्या शाखेत शाखाधिकारी होते. शाखा बाजारपेठेत, तळमजल्यावर.

भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती. ऑइलपेंटची लाल रेघ, शेजारी तारीख. आमची सगळी तयारी त्या रेघेवर बेतलेली होती. संगणक टेबलांवर चढवले, खतावण्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या, बॅटऱ्या स्टुलावर ठेवल्या आणि कुलूप लावून घरी गेलो. रेघ ओलांडून पाणी येईल हे कुणाच्या मनातच आलं नाही. ते आलं, आणि पंख्याच्या पात्यांना गाळ लावून गेलं.

पण मला आज सांगायचं आहे ते तिजोरीतल्या सोन्याबद्दल. सोनेतारण कर्जाची पाकिटं तिजोरीत होती. तिजोरी जागची हलली नाही, दागिन्यांना काही झालं नाही. पाणी उतरल्यावर तिजोरी उघडली तर आत कापडी पिशव्यांचा लगदा. प्रत्येक पिशवीवर शाईने लिहिलेली चिठ्ठी होती, कर्जखाते क्रमांक, नाव, वजन. शाई धुऊन गेली होती. सोनं सगळं होतं, पण कुणाचं कुठलं ते कळेना. नोंदवहीही भिजलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. एक पान उचलायला गेलं की दोन फाटायची.

आम्हाला वाचवलं आमच्या सराफांनी. मूल्यांकन करताना ते स्वतःच्या पावतीपुस्तकात कार्बन ठेवून लिहीत, आणि ते पुस्तक त्यांच्या विश्रामबागेतल्या दुकानात कोरडं राहिलं होतं. अकरा दिवस आम्ही चौघं बसलो. एकाने वजन करायचं, एकाने कार्बनप्रतीशी ताडायचं, दोघांनी सह्या करायच्या. एका आजींच्या पाटल्या शेवटपर्यंत जुळत नव्हत्या, कारण तारण ठेवताना एकीचा खिळा पडला होता आणि तो वेगळ्या कागदात गुंडाळलेला होता. तो खिळा सापडला तेव्हा आम्ही सगळे रडलो.

त्या कार्बनप्रतीला "डेटा बॅकअप" म्हणावं हे त्या सराफांच्या गावीही नव्हतं. पण मूळ नोंदीपासून दूर, उंचावर आणि दुसऱ्या माणसाच्या ताब्यात असलेली नोंद होती ती. आता सोनेतारणाच्या प्रत्येक पिशवीत पत्र्याचा ठसा मारलेला बिल्ला टाकतो. शाईवर काही सोडत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. पूर शहरात असतानाच खातेदारांचे फोन सुरू झाले. एटीएम बंद, घरात पाणी, कुणी नातेवाइकाकडे तर कुणी शाळेत उतरलेलं, आणि हातात रोकड नाही. "ताई, माझेच पाच हजार द्या" असं लोक म्हणत होते आणि मी नाही म्हणत होते. रोकड पाण्याखाली, शिल्लक दाखवणारा संगणक पाण्याखाली, आणि मुख्य कार्यालयातून पैसे आणून दुसरीकडे बसून वाटायचा अधिकार मला आहे की नाही हे कुणाला माहीत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले सचिवांना विचारा, सचिव म्हणाले सभा लागेल. सभेला यायला रस्ता नव्हता. ज्या आठवड्यात लोकांना पतसंस्था सगळ्यात जास्त लागत होती त्याच आठवड्यात आम्ही बंद होतो, हे मला आजही सहन होत नाही.

नोकरी सोडल्यावर मी आसपासच्या छोट्या संस्थांना याच कामात मदत करते. पतसंस्था, वाचनालयं, दोन शाळा, एक औषधांचं दुकान. फी घेत नाही. मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगळा विभाग असतो, आयएसओ २२३०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र असतं, जाड फायली असतात. आपल्याकडे सात-आठ माणसांच्या कार्यालयाला एक पान पुरतं, फक्त ते खरं लिहिलेलं हवं.

पानाची सुरुवात एकाच प्रश्नाने करते : काय बंद पडलं तर लोकांचं अडेल, आणि किती वेळात? आमच्यापुरतं उत्तर होतं, छोट्या रकमा परत देणं, २४ तासांच्या आत. नवीन कर्ज, वसुली, पासबुक भरणं, ऑडिटची तयारी, हे सगळं पंधरा दिवस थांबलं तरी चालतं. लोक इथे फार अडखळतात. प्रत्येक विभागाला आपलं काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मी म्हणते, काय सोडून द्यायचं ते आज, कोरड्या जागी बसून ठरवा. पाण्यात उभं राहून ते ठरत नाही.

मग येतात फूट. पुराच्या दिवशी "बघू, अजून वाढलं तर हलवू" हे वाक्य हमखास निघतं, म्हणून आकडा आधी लिहून ठेवायचा. एका शाखेसाठी आम्ही जे लिहिलं ते असं :

आयर्विन ३० फूट : रोजच्या शिल्लक यादीची छापील प्रत रोज संध्याकाळी शाखाधिकाऱ्याच्या घरी.
३५ फूट : सोनेतारण पाकिटं आणि जादा रोकड मुख्य कार्यालयात. टेम्पोवाल्याचा फोन क्रमांक पानावरच.
३८ फूट : संगणक, नोंदवह्या, शिक्के, कोरी पावतीपुस्तकं दुसऱ्या जागी. शाखा बंद, दारावर फलक.
दुसऱ्या दिवशी सकाळी १० : दुसऱ्या जागी टेबल मांडून पैसे देणं सुरू.

इशारा पातळी ४० ची असताना आम्ही ३८ ला हलतो याचं कारण साधं आहे. चाळीसला सगळं शहर हलतं आणि टेम्पो मिळत नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी संचालक मंडळाचा ठराव. शाखाधिकारी, तो नसेल तर रोखपाल, तोही नसेल तर अमुक लिपिक, यांना कुणालाही न विचारता शाखा बंद करायचा, रोकड हलवायचा आणि ठरावीक रकमेपर्यंत खर्च करायचा अधिकार. क्रमाने तीन नावं. हा ठराव नसेल तर बाकी पान कोरं आहे असं समजा.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पन्नाशी ओलांडून गेलं. ज्या शाखेचं पान तयार होतं तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी एका मंगल कार्यालयाच्या व्हरांड्यात टेबल लागलं. हाताने लिहिलेल्या पावत्या, छापील शिल्लक यादी, माणशी कमाल पाच हजार. पहिल्या दिवशी ७३ जणांना पैसे मिळाले. मी ते टेबल बघायला मुद्दाम गेले होते.

तुमच्या संस्थेत काय व्यवस्था आहे? कुठे फसलं, कुठे जमलं? लिहा.

---

वाशिष्ठी | ११ मे, सकाळी ९.१५

ताई, वाचताना अंगावर काटा आला. मी चिपळूणचा, औषधांचा घाऊक व्यापार.

पण तुमचे फूट आमच्याकडे चालायचे नाहीत. कृष्णा चढायला दिवस घेते. वाशिष्ठी तशी नाही. घाटमाथ्यावर धो धो पाऊस, कोयना धरणाच्या पाण्यावर वीज करून कोळकेवाडी धरणातून इकडे उतरणारं पाणी, आणि त्याच वेळी दाभोळ खाडीला भरती. हे तिन्ही एकत्र आलं की पाणी जायला वाट नाही. २२ जुलै २०२१ ला पहाटे लोक झोपेतून उठले तेच पाण्यात. बाजारपेठेत पहिला मजला जवळ आला पाण्याच्या. हलवायला वेळ कुठला?

एसटीच्या आगारातली गोष्ट तेव्हा पेपरांत आली होती. आगार बुडालं तेव्हा आगार व्यवस्थापक सुमारे ९ लाखांची रोकड घेऊन बुडालेल्या एसटीच्या टपावर नऊ तास बसून होते. त्या माणसाला माझा कायमचा नमस्कार. पण मी तेव्हापासून विचार करतो, की रोकड रात्री आगारातच ठेवायची पाळी येऊ नये अशी व्यवस्था असती तर त्या बिचाऱ्याला जीव टांगणीला लावावा लागला नसता.

आणि आमचं वाचनालय. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ सालचं. २००५ ला पुस्तकं गेली, लोकांनी पुन्हा उभं केलं, २०२१ ला पुन्हा गेली. आम्हा चिपळूणकरांना ते घरच्या माणसासारखं आहे.

---

गावभाग | ११ मे, सकाळी १०.०५

@वाशिष्ठी, अण्णा, अगदी बरोबर. तुमच्या नदीला फूट लावले तर मी लोकांना फसवीन.

जिथे पाणी तासांत येतं तिथे दोन गोष्टी. पहिली, ज्याला हलवायला वेळ लागतो ते कायमचंच वर. जून ते सप्टेंबर तळमजल्यावर फक्त त्या दिवशी विकायचा माल. दुसरी, आकडा पाण्याचा न ठेवता इशाऱ्याचा ठेवा. हवामान खात्याचा रेड अलर्ट आणि त्याच रात्री मोठी भरती, दोन्ही जुळलं की दुकान बंद करतानाच जणू पाणी येणारच आहे असं बंद करायचं. दहा वेळा पाणी येणार नाही. दहाही वेळा आवरून जायचं. भरतीचं वेळापत्रक आधीच माहीत असतं, ते जूनमध्येच भिंतीवर लावा आणि अमावास्या-पौर्णिमेच्या तारखांना लाल गोल करा.

तुमचं औषधांचं दुकान म्हणजे तर पुरानंतर गावाला पहिल्या दिवशी लागणारी जागा. इन्शुलिन कुठे ठेवता?

---

वाशिष्ठी | ११ मे, सकाळी १०.३०

२०२१ ला फ्रिजसकट गेलं. आता फ्रिज वरच्या मजल्यावर, आणि खेर्डीच्या बाजूला उंचावर एका मित्राच्या घरी दुसरा छोटा फ्रिज. इन्शुलिन, सर्पदंशावरचं प्रतिविष, टीटी, रक्तदाबाच्या गोळ्या. रोज मधुमेहाची सुई घेणाऱ्या ४० गिऱ्हाइकांची यादी वहीत ठेवली आहे, मोबाइलमध्ये नाही. लाल गोलांची कल्पना आजच करतो.

---

संचालक_एक | ११ मे, दुपारी १२.५०

धागा चांगला आहे, पण थोडं विरोधात लिहितो. मी स्वतः एका पतसंस्थेत संचालक आहे. शाखाधिकाऱ्याला न विचारता रोकड हलवायचा अधिकार म्हणजे गैरप्रकाराला आमंत्रण. उद्या कुणी पाऊस पडला म्हणून सोनं घेऊन निघाला तर जबाबदार कोण? शिवाय एवढी यंत्रणा छोट्या संस्थेला परवडत नाही. अशी पानं तयार होतात, ऑडिटरला दाखवायला फाइलला लागतात आणि तिथेच राहतात.

---

गावभाग | ११ मे, दुपारी २.२०

@संचालक_एक, तुमची भीती खोटी नाही. ज्यांच्या ठेवी आपल्याकडे आहेत त्यांच्यासाठी ती असायलाच हवी. म्हणून ठराव लिहिताना आकडे बांधून घ्या. अधिकार कधी सुरू होतो : आयर्विन ३५ ला पोचल्यावर, त्याआधी नाही. तो आकडा सगळ्या गावाला दिसतो, त्यात कुणी लबाडी करू शकत नाही. माल कुठे जाणार : फक्त मुख्य कार्यालयात, इतर कुठेही नाही. बरोबर कोण : कायम दोघं. निघताना आणि पोचल्यावर पाकिटं मोजून दोघांच्या सह्या, फोटो अध्यक्षांच्या व्हॉट्सॲपवर. आता यात गैरप्रकाराला जागा कुठे उरली ते सांगा. उलट ठराव नसताना गोंधळात जे हलवलं जातं त्याचा हिशेब नंतर कुणालाच देता येत नाही.

खर्चाचं म्हणाल तर त्या शाखेत आम्ही जे घेतलं ते असं : झाकणाचे सहा प्लॅस्टिकचे मोठे डबे, बिल्ल्यांचा ठसा, दोन चार्जिंगचे दिवे, छापील पावतीपुस्तकांचा एक गठ्ठा. मंगल कार्यालयाच्या मालकांशी बोलणं झालं चहावर. फाइलचं मात्र तुम्ही खरं बोललात. त्यावर उपाय एकच, वर्षातून एकदा खरोखर करून बघायचं. मेच्या शेवटच्या शनिवारी आम्ही दुपारी तीनला फोन करायचो, "३८ झालं." मग घड्याळ लावून बघायचो. पहिल्या वर्षी तीन तास लागले, कारण तिजोरीची दुसरी किल्ली असलेले गृहस्थ लग्नाला मिरजेला गेले होते. असलं काही कागदावर दिसत नाही.

---

संचालक_एक | ११ मे, दुपारी ४.००

सगळ्या गावाला दिसणारा पाण्याचा आकडा ही गोष्ट पटली. ठरावाचा मसुदा मिळेल का? पुढच्या मासिक सभेत मांडतो.

---

निवृत्त_मेट्रन | ११ मे, रात्री ९.३५

ठाण्याहून. अडतीस वर्षं रुग्णालयांत काढली, त्यातली शेवटची बारा मेट्रन, म्हणजे परिचारिकांची प्रमुख म्हणून. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, मी ड्यूटीवर होते. घरी गेले तिसऱ्या दिवशी.

रुग्णालयाला "शाखा बंद" असा फलक लावता येत नाही, म्हणून आमचा सगळा जीव विजेत अडकलेला असतो. आमच्याकडे जनरेटर तळघरात होता. पाणी उताराने तिथेच आलं. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर तिघं. बॅटऱ्या जेमतेम पुरल्या, मग अंबूबॅग, म्हणजे श्वास देणारी रबरी पिशवी, हाताने दाबायची. मोजून, न थांबता, मिनिटाला बारा-पंधरा वेळा. पंधरा मिनिटांत बोटं आखडतात. मी वहीचं पान फाडून पाळ्या लावल्या, दहा मिनिटांच्या, आणि त्यात वॉर्डबॉय, लॅबमधली मुलगी, रुग्णांचे नातेवाईक सगळे घेतले. सात तास. तिघंही वाचले. एका रुग्णाचा अठरा वर्षांचा मुलगा सगळ्यांत चांगल्या लयीत दाबत होता, त्याला मी विसरणार नाही.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्यू रुग्णालयात जनरेटर तेराव्या मजल्यावर होते, पण त्यांना इंधन चढवणारे पंप तळघरात. पंप बुडाले तेव्हा लोकांनी जिन्यात साखळी करून हातोहात डिझेल तेरा मजले वर नेलं, आणि शेवटी रुग्णालय रिकामं करावंच लागलं. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात २०११ मध्ये त्सुनामीच्या पाण्याने असेच जनरेटर निकामी केले. म्हणून नुसतं "आमचा जनरेटर वर आहे" म्हणून भागत नाही. डिझेलची टाकी, पंप, स्विचचं पॅनल, पूर्ण वाट पायाने चालून बघा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा काहीतरी एक खाली सापडतंच.

आणि एक. रोज रात्री आठला प्रत्येक रुग्णाचा चार ओळींचा कागद हाताने लिहून उशीखाली : नाव, आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी. रुग्ण दुसरीकडे हलवायची वेळ आली तर तो कागद त्याच्या छातीवर पिन करून पाठवता येतो. नव्या मुली म्हणतात सगळं संगणकात आहे. मी म्हणते असू दे, तरी लिही.

---

जर्सीकर | १२ मे, पहाटे ४.१०

मेट्रनबाई, तुम्हाला साष्टांग नमस्कार. मी न्यू जर्सीत असतो, सँडीत आमच्याकडे बारा दिवस वीज नव्हती.

काय सोडायचं ते आधी ठरवा, हे गावभागताईंनी लिहिलं त्याचं इथलं उदाहरण देतो. अमेरिकेच्या दक्षिणेत वॉफल हाउस नावाची साधी खानावळ-साखळी आहे, चोवीस तास उघडी. वादळानंतर वीज नसेल, फक्त गॅस असेल तर काय काय शिजवायचं याचा त्यांचा छोटा मेनू आधीच तयार असतो. आपत्ती यंत्रणेतले लोक गंमतीने नव्हे, खरोखर त्यावरून अंदाज घेत : पूर्ण मेनू चालू तर परिसर बरा, छोटा मेनू तर त्रास आहे, दुकानच बंद तर परिस्थिती बिकट. पतसंस्थेचं माणशी पाच हजारांचं टेबल म्हणजे छोटा मेनूच झाला.

आणि सरावाबद्दल. मॉर्गन स्टॅन्ली या वित्तकंपनीचे सुरक्षाप्रमुख रिक रेस्कोर्ला यांनी १९९३ च्या बाँबस्फोटानंतर वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या आपल्या लोकांकडून जिने उतरायचा सराव वर्षानुवर्षं करून घेतला. मोठमोठे साहेब वैतागायचे. ११ सप्टेंबर २००१ ला तिथले सुमारे २,७०० कर्मचारी जवळजवळ सगळे बाहेर पडले. रेस्कोर्ला मागे राहिलेल्यांना आणायला परत वर गेले, ते आले नाहीत.

---

उमरगेकर_सर | १२ मे, सकाळी ८.२०

भूकंपाला फूटही नसतात आणि अलर्टही नसतो. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट, किल्लारी. मी तेव्हा नवा शिक्षक होतो. आमची शाळा उभी होती पण मुलांपैकी कोण आहे, कोण नाही, कोण कुठल्या नातेवाइकाकडे गेलं हे कळायला आठवडे गेले. हजेरीपट दगडमातीखाली. तेव्हापासून हजेरीपटाची एक प्रत शेजारच्या गावच्या शाळेत ठेवतो आणि त्यांची आमच्याकडे. दर जूनला अदलाबदल. मुलाच्या नावापुढे परगावच्या एका नातेवाइकाचं नाव आणि गावही लिहितो, कारण आपत्तीत जवळचे सगळे एकाच ठिकाणी अडकलेले असतात.

---

विमा_आणि_बरंच_काही | १२ मे, सकाळी ११.४५

धाग्याची वाचनखूण साठवली. मी नुकसानीचे सर्वे करतो, त्या बाजूने थोडं.

पाणी उतरल्यावर लोक पहिलं काम करतात ते भिजलेला माल रस्त्यावर फेकायचं. माणसाच्या दृष्टीने ते साहजिक आहे, वास असह्य असतो. पण फेकण्याआधी विमा कंपनीला कळवा, फोटो काढा, व्हिडिओत मालाचे नग मोजत बोला, भिंतीवरची पाण्याची रेघ मोजपट्टी लावून टिपा. महसूल खात्याचा पंचनामा झाला तर त्याची प्रत घ्या. बिलं आणि स्टॉकची वही हिशेबनिसाकडे किंवा ई-मेलवर असू द्या, दुकानात असली तर तीही मालाबरोबर जाते.

एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने छोट्यांसाठी ठरावीक पॉलिसी आणल्या आहेत. एका जागेची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, त्यापुढे ५० कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. पूर यात धरलेला असतो. रक्कम कमी लावू नका, थोडीफार तफावत सोडून दिली जाते, पण निम्म्या किमतीचा विमा काढला तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते. आणि दुकान महिनाभर बंद राहिल्याने बुडालेलं उत्पन्न या पॉलिसीत येत नाही, त्यासाठी वेगळा विमा लागतो. गोदामाचा पत्ता पॉलिसीवर आहे का, हे आज रात्रीच बघा. @वाशिष्ठी, मित्राच्या घरचा तो दुसरा फ्रिजसुद्धा.

---

कळफलक | १२ मे, दुपारी ३.३०

पुराइतकीच दुसरी आपत्ती आता तारेतून येते. जुलै २०२४ च्या शेवटी सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा) हल्ला झाला, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिची जोडणी तोडली आणि सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआय-एटीएम व्यवहार अडकले. त्या बँकांची स्वतःची काही चूक नव्हती. त्याच महिन्यात १९ तारखेला जगभर विंडोज संगणक बंद पडले तेव्हा आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कोरे छापील पास आणि पेन होतं म्हणून विमानं उडाली.

छोट्या संस्थांत मी बघतो, बॅकअप रोज घेतात, पण त्याच संगणकाला कायम जोडलेल्या डिस्कवर. व्हायरस आला की दोन्ही एकदम कुलूपबंद. डिस्क काढून ठेवा, दोन डिस्क आलटूनपालटून वापरा, एक दुसऱ्या इमारतीत. आणि तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून कालची शिल्लक जुळते का बघा. एका संस्थेत हे केलं तेव्हा कळलं की आठ महिने रिकामीच फाइल जपली जात होती.

---

गावभाग | १२ मे, संध्याकाळी ६.१५

@कळफलक, दादा, छापील शिल्लक यादी इथेही तशीच उपयोगी पडेल हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे ती ३० फुटांपर्यंत थांबायची गरज नाही, बारा महिने छापायची. पानात बदल करते.

@संचालक_एक, मसुदा व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे.

@उमरगेकर_सर, हजेरीपटाच्या अदलाबदलीची गोष्ट मी माझ्या दोन्ही शाळांना सांगणार.

---

दूधवाला_शिरोळ | १२ मे, रात्री १०.४०

ताई, आमची गावची दूध संस्था आहे, शिरोळ तालुक्यात. सभासद २१०. दूध काही थांबत नाही बघा. पूर असो, मयत असो, म्हस सकाळ-संध्याकाळ पिळावीच लागती. २०१९ ला शिरोलीजवळ हायवेच बंद पडला, गाडी येईना, दूध वतून दिलं लोकांनी. बायका कासंडी घेऊन संस्थेच्या दारात उभ्या आणि आम्ही घ्यायचं न्हाई म्हणालो. तुम्ही खातेदारांचं लिहिलंय ते वाचून तेच डोळ्यापुढं आलं.

आज आम्ही पाचजण बसून पान लिहिलं. चुकलं असंल तर सांगा.

काय थांबून चालत नाही : दोन टाइमाचं संकलन. काय थांबलं तर चालतंय : बिलवाटप दहा दिवस, पशुखाद्य विक्री, सभा.
पाणी गावच्या खालच्या आळीतल्या पिंपळाच्या पाराला लागलं की : फॅटमशीन, वजनकाटा, कॅन, सभासद वही वरच्या माळावरच्या शाळेत.
गाडी आली न्हाई तर : पहिला टाइम शीतकरण टाकीत मावतंय. पुढचं दूध माळावरच्या तिघा खवावाल्यांकडं, दर आधीच ठरवून लिहून घेतलाय. राहिलेलं शाळेत उतरलेल्या लोकांच्या चहाला फुकट, त्याची नोंद वहीत.
कोण सांगणार : सचिव, न्हाईतर फॅट काढणारा पोरगा, न्हाईतर मी.
जनावरं : पाराला पाणी लागायच्या आधीच माळावर. ह्यात कुणाचं ऐकायचं न्हाई.

---

गावभाग | १२ मे, रात्री ११.०५

दादा, हे पान माझ्या पानांपेक्षा चांगलं झालंय. पिंपळाचा पार ही खूण सगळ्या गावाला रात्रीच्या अंधारातही कळते. खवावाल्यांचा दर आधी ठरवलात हे तर मला सुचलंच नसतं.

दोनच गोष्टी विचारते. टाकी गार ठेवायला वीज लागेल, जनरेटर कुठे आहे? आणि शाळेची किल्ली कुणाकडे असते?

---

दूधवाला_शिरोळ | १२ मे, रात्री ११.२०

जनरेटर टाकीशेजारीच, खालीच हाय. मेट्रनबाईंचं वाचलं तवाच पोटात गोळा आला. उद्या गवंड्याला बोलावतो, चार फूट कट्टा बांधून घेतो. कट्ट्यावरनं बी पाणी गेलं तर टाकी सोडून द्यायची, पहिल्या टायमापास्नं दूध खव्याला, असं लिहितो.

किल्ली शिपायाकडं असती. तो नदीपल्याडच्या गावचा हाय.

---

गावभाग | १२ मे, रात्री ११.२६

मग पूर आला की तो पलीकडे आणि किल्लीही पलीकडे. मुख्याध्यापकांना भेटून दुसरी किल्ली करून घ्या, माळावर राहणाऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा, आणि त्या घराचं नाव पानावर लिहा. मग एका संध्याकाळी, न सांगता, फॅटमशीन घेऊन वर जाऊन बघा.

---

दूधवाला_शिरोळ | १९ मे, रात्री ८.५०

ताई, किल्ली झाली. माळावरच्या एका विधवा काकूंकडं ठेवलीया, त्या दूध घालत्यात आमच्याकडं. काल संध्याकाळी जाऊन बघितलं. एक तास दहा मिनिटं लागली, त्यातली वीस मिनिटं शाळेत प्लग पॉइंट शोधण्यात. वर्गात एकच हाय, तो बी फळ्याच्या मागं. उद्या बारा मीटरची वायर घेतो आणि वजनकाट्याच्या पेटीतच ठेवतो.